नामानिराळा

घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरच्या काचेतून आत डोकावलं की नजर ग्राफिक्स कार्डावर जाते, नाहीतर रंग बदलणाऱ्या रॅमवर. एसएमपीएसकडे कोणी बघत नाही. तो कॅबिनेटच्या तळाशी पत्र्याआड बसलेला असतो. भिंतीतली 230 व्होल्टची वीज घ्यायची, तिची 12, 5 आणि 3.3 व्होल्टची डीसी करायची आणि ज्याला जी हवी ती पोचवायची, हा त्याचा धंदा. सगळ्या मशीनला पोसणारा हा गडी बिघडला, की पहिली चार नावं मात्र दुसऱ्यांचीच निघतात.

गेम रंगात आला आणि स्क्रीन काळा झाला, की ठपका ग्राफिक्स कार्डावर. मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, की विंडोजवर. विंडोजच्या नोंदींत ‘कर्नल-पॉवर 41’ उमटलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कोणामुळे, ते त्यात लिहिलेलं नसतं. शेवटी रॅम काढली जाते, तिचे सोनेरी पट्टे खोडरबराने घासले जातात, ती परत बसते आणि मशीन चालू होतं! रॅमवर गुन्हा शाबीत. तेवढ्या वेळात मेन वायर काढलेली होती, एसएमपीएस गार झाला होता, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि आठवड्याने तीच रड पुन्हा.

चौकशीला तो हसतमुखाने सामोरा जातो. 24 पिनांचा कनेक्टर बोर्डावरून काढायचा, जेमक्लिप वाकवून त्यातली हिरवी वायर काळीला जोडायची. पंखा फिरतो, आणि पुष्कळजण तिथेच त्याला निर्दोष सोडतात. पण ही परीक्षा बिनओझ्याची. खरा कस लोडखाली लागतो. मल्टिमीटरची काळी पिन मोकळ्या मोलेक्स कनेक्टरच्या काळ्या वायरीत, लाल पिन पिवळीत. मशीन नुसतं बसलेलं असताना आकडा 12.1. मग प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही एकदम राबवणारा टेस्ट प्रोग्राम लावायचा आणि मीटरवरची नजर काढायची नाही. 11.8... 11.6... एटीएक्सच्या नियमात पाच टक्क्यांची सूट आहे, म्हणजे 11.4 पर्यंत. त्याखाली आकडा गेला की स्वारी सापडली. दुरुस्तीतला हा भाग मला मनापासून आवडतो. इतका वेळ साऱ्या मशीनवर पसरलेला संशय एका आकड्यावर येऊन थांबतो.

काही बेरकी त्यातूनही निसटतात. आतले कपॅसिटर सुकले की पुरवठ्यात बारीक थरथर शिरते, पण साधा मल्टिमीटर सरासरी दाखवत असल्याने 12 च म्हणतो. अशाला औषध एकच: खात्रीचा दुसरा एसएमपीएस तात्पुरता जोडून बघणे.

म्हणून त्याला बेइमान समजू नका. चांगल्या घडणीचा असेल तर तो शब्दाचा पक्का असतो. बटण दाबल्यावर आधी स्वतःचे व्होल्टेज स्थिर करतो, मगच करड्या वायरीवरून ‘पॉवर गुड’ कळवतो. हा होकार अर्ध्या सेकंदाच्या आत येतो, पण तो येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला हलूही देत नाही. आपण मशीन बंद करून झोपायला जातो तेव्हाही जांभळ्या वायरीवर 5 व्होल्ट ठेवून हा जागाच असतो.

मोठेपणाचा सोस मात्र आहे. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्याच्या अंगावर ‘500’ असा ठसठशीत आकडा असतो. त्याखालचा बारीक तक्ता वाचावा. 12 व्होल्टखाली 18 अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार होतो 216 वॅट, आणि आजचे प्रोसेसर नि कार्डं जवळपास सगळं जेवण 12 च्याच पंगतीत घेतात.

रागाचं म्हणाल, तर त्याला उघडू नये. मेन वायर काढली तरी त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ दबा धरून बसलेले असू शकतात.

जाण्याची रीतही ज्याची त्याची. भरवशाचा असेल तर व्होल्टेज भडकताच स्वतःला बंद करतो आणि एकटाच जातो. हलका असेल तर मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कलाही सोबत नेऊ शकतो. आणि सुट्या केबलींचा, म्हणजे मॉड्युलर, असेल तर त्याच्या केबली नव्याला लावू नका. खोबणीत त्या चपखल बसतीलही. पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. 5 व्होल्टच्या जागी 12 गेले की धडधाकट डिस्क बटण दाबताक्षणी जळते. नव्याच्या खोक्यात आलेल्या केबलीच ओढायच्या, मग त्यासाठी कॅबिनेटमागची सगळी बांधणी पुन्हा उलगडावी लागली तरी.