पुंगळीचा पुरुषार्थ

गाडी कोणाची आहे हे पूर्वी बैलांच्या चालीवरून आणि त्यांच्या गळ्यांतील घुंगरांवरून ओळखीत. सटाण्यास हल्ली ते धुराच्या नळीवरून ओळखतात. रात्री दहाच्या पुढे विंचूर–प्रकाशे मार्गाने एखादी पिकअप येऊ लागली, म्हणजे ती कांदा भरून निघाली आहे की रिकामी परतते आहे, हे जाणती मंडळी अंथरुणात पडल्यापडल्या सांगू शकत. अलीकडे मात्र या विद्येत एक विघ्न उत्पन्न झाले आहे. पुष्कळ तरुण मंडळींनी आपल्या गाड्यांचे मूळचे सायलेन्सर काढून त्यांच्या जागी सरळसोट नळी, म्हणजेच बोलीतली ‘पुंगळी’, बसविली असल्यामुळे भरलेली काय आणि रिकामी काय, प्रत्येक गाडी एकाच थाटाने गर्जत जाते.

बागलाणात पिकअप हे वाहन म्हणजे घरचा कर्ता पुरुषच होय. कांदा, डाळिंबे, द्राक्षे, खताच्या गोण्या, प्रसंगी लग्नाचे वऱ्हाडसुद्धा तिच्याच पाठीवर. एवढा भार निमूटपणे वाहणाऱ्या प्राण्यास कंठ फोडण्याची इच्छा तिच्या धन्याला का व्हावी, याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत आहो. विचारल्यास उत्तर एकच मिळते : ‘‘नाना, गाडीला दम येतो.’’ तेव्हा हा दम कितपत खरा, हे आधी पाहू.

इंजिनाच्या नळकांड्यात इंधन जळून झालेला वायू बाहेर पडण्याची झडप उघडते, त्या वेळी तो मोठ्या दाबाखाली असतो. तो एकदम सुटतो आणि हवेस धक्का बसतो. चार नळकांड्यांचे इंजिन मिनिटास २००० फेरे घेत असता असे ४००० धक्के, म्हणजे सेकंदास सुमारे ६७, नळीतून बाहेर पडतात. या धक्क्यांची माळ म्हणजेच गाडीचा आवाज. सायलेन्सर म्हणजे आत कप्पे आणि भोके पाडलेल्या नळ्या असलेला एक डबा. ध्वनीच्या लहरी त्यात इकडून तिकडे आपटतात, काही अंशी परस्परांचाच नाश करतात, आणि उरलेला वायू शांतपणे बाहेर येतो. अमेरिकेतील रीव्ह्ज यांनी असा डबा शोधून त्याचे पेटंट १८९७ साली घेतले. म्हणजे मोटारगाडी नीट चालू लागण्याच्या आधीच तिला गप्प बसविण्याची निकड माणसास भासली होती.

आता, डब्यातील हे वळसे वायूस थोडे अडवितात हे खरे. ती अडवणूक दूर केली, तर वायू ढकलून देण्याचे दट्ट्याचे श्रम तितकेच वाचतात, हेही खरे. शर्यतीच्या मोटारींना रुंद व सरळ नळ्या असतात त्या याच कारणाने. परंतु शर्यतीची मोटार आणि दीड टनाच्या आसपास माल वाहणारी डिझेल पिकअप यांत फार अंतर आहे. डिझेल इंजिनाची शक्ती मुख्यत्वे त्यात किती इंधन जळते यावर ठरते. इंधनाचे माप तेच ठेवून नुसती नळी मोकळी केल्याने मिळावयाचा लाभ चालकाच्या पायास जाणवण्याइतका क्वचितच असतो. शिवाय आजच्या पिकअपला टर्बो असतो. वायू बाहेर पडताना प्रथम त्याचे चक्र फिरवितो, आणि ते चक्र इंजिनात जादा हवा कोंबते. धुराच्या वाटेतील मोठा अडथळा हे चक्रच; त्याच्या पुढची नळी मोकळी केल्याने ते किंचित लवकर वेग घेईल, याहून अधिक काही नाही. टर्बो नसलेल्या इंजिनास तर वाजवीपेक्षा रुंद नळी बाधतेसुद्धा. वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ, म्हणजे चढावर नेमकी लागते तीच, उणावते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत टप्पा सहाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करणारी उपकरणे याच नळीत बसविलेली असतात, आणि त्यांच्यावर इंजिनाच्या संगणकाची नजर असते. ती उपटून टाकली, तर चालकासमोर दिवा पेटतो आणि पुष्कळदा इंजिन आपण होऊन शक्ती आवरते. दम आणावयास जावे आणि असलेला दम घालवून बसावे, असा हा व्यवहार!

आमच्या परिचयाच्या एका तरुणाबरोबर आम्ही शेलबारीचा घाट चढून गेलो होतो. पुंगळी नवीन होती, मागे कांद्याच्या गोण्या होत्या. जेथे पूर्वी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावी लागे तेथे तेव्हाही घ्यावी लागली, आणि पिंपळनेरास पोहोचावयास वेळही पूर्वीइतकाच लागला. तरी तो आनंदाने ओरडून म्हणाला, ‘‘बघा नाना, कशी पळते!’’ तो खोटे बोलत नव्हता. वेगाचा अंदाज माणूस डोळ्यांइतकाच कानांनीही घेतो. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. पुंगळीने बदल केला होता तो चालकाच्या मनात.

आवाजाशी आमचे वैर मुळीच नाही. आमच्या लहानपणी पिठाच्या गिरणीच्या इंजिनावर, धुराच्या नळीच्या तोंडाशी, एक डबा अडकविलेला असे. त्याचा ‘पुक् पुक्’ असा नाद शिवारापर्यंत जाई आणि गिरणी चालू झाल्याची वर्दी घरोघरच्या बायकांस मिळे. बैलांच्या घुंगरांनी अंधारात समोरच्यास सावध केले. हे आवाज दुसऱ्यासाठी होते. पुंगळीचा आवाज दुसऱ्यास काही सांगत नाही, आणि धन्याचीही एक मोठी सोय बुडवितो. जुना चालक गाडी कानाने चालवितो. चाकातील बेअरिंगची घरघर, सैल पट्ट्याची किंकाळी, झडपांची टकटक त्यास वेळीच ऐकू येते. पुंगळीच्या गर्जनेत हे सारे बुडते, आणि मागून येणाऱ्याचा हॉर्नही. पुढे कानच बुडतात. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपलीकडे सोसू नये, आणि दर ३ डेसिबलच्या वाढीस ही मुदत निम्मी करावी, असे श्रवणतज्ज्ञ सांगतात. एकदा गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही गॅरेजात परत बसवून मिळत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम प्रत्येक वाहनास, ट्रॅक्टरसुद्धा, आवाज कमी करणारे साधन असलेच पाहिजे असे सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ध्वनीची मर्यादा मोडणाऱ्यास पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या पुंगळ्या भर रस्त्यात रोलरखाली चिरडल्या आहेत. इतके होऊनही हौस ओसरत नाही, तेव्हा तिचे मूळ यंत्रात नसून अन्यत्र असले पाहिजे.

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण येथे ओठांवर येते. परंतु बाजार समितीत त्याच तरुणास आपल्या गाडीशी उभा असलेला ज्याने पाहिले आहे, त्यास ती उच्चारवत नाही. चार महिन्यांची मेहनत मागे रचलेली असते. व्यापारी येतात, कांदा हातात घेऊन पाहतात, बोली होते, आणि पाच-दहा मिनिटांत वर्षाचा हिशेब ठरतो. त्या वेळी त्यास बोलण्यासारखे काहीच नसते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि ती मे २०२४ च्या आरंभापर्यंत राहिली, तेव्हा तर भाव ठरविणारे हात त्यास दिसतही नव्हते. असा मनुष्य रिकामी गाडी घेऊन गावात शिरताना पाय दाबतो आणि साऱ्या गल्लीस मान वळवावयास लावतो. दिवसभरात त्याचे म्हणणे कोणी ऐकले असेल, तर ते एवढेच.

हे आम्ही समजू शकतो. मात्र त्याची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. ज्यांनी ऐकावे ते दिल्लीस आहेत, आणि पुंगळी कितीही रुंद केली तरी तिचा आवाज वेशीपलीकडे जात नाही. तो ऐकू येतो रस्त्याकाठच्या घरात दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीस, नुकत्याच निजलेल्या तान्ह्यास, आणि दम्याने रात्रभर बसून असलेल्या म्हाताऱ्यास. रहिवासी भागात रात्री दहापासून सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा सरकारने २००० साली आखून दिली, ती याच लोकांसाठी. त्यांपैकी पुष्कळांच्या घरी कांदाच पिकतो, आणि तोही त्याच भावाने गेलेला असतो.

गाडीस खरोखर दम हवा असेल, तर त्याचे उपाय जुनेच आहेत : हवेची जाळी साफ ठेवावी, टायरांत पुरती हवा भरावी, डिझेलचा फिल्टर वेळेवर बदलावा, आणि गाडीच्या ताकदीपलीकडे माल लादू नये. यांतला एकही उपाय गल्लीत ऐकू येत नाही, एवढीच काय ती त्यांची उणीव.