खोडलेला परिच्छेद

मृत्युपत्रं करून देणं हा माझ्या वकिलीतला मोठा भाग. त्यातल्या दोन चुका इथे लिहितो आहे, कारण त्यांची किंमत मला नाही, माझ्यावर विसंबलेल्या माणसांना मोजावी लागली.

पहिली चूक शेअरची. डिमॅट खात्यातल्या शेअरना जो नॉमिनी, तोच खातेदाराच्या मृत्यूनंतर मालक, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २०१० मध्ये दिला. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच सांगितलं होतं की नॉमिनी पैसे फक्त स्वीकारतो, हक्क वारसांचाच राहतो. पण कंपनी कायद्याची भाषा वेगळी आहे, म्हणून शेअरपुरता नवा निकाल मी प्रमाण मानला. त्याच सुमारास एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. घर आणि बाकी सगळं तिन्ही मुलांना समान. शेअर मात्र धाकट्या मुलीला, कारण आईचं आजारपण तिनं एकटीनं काढलं होतं. कच्च्या मसुद्यात त्यासाठी स्वतंत्र परिच्छेद होता. मी तो लाल पेनाने खोडला आणि समासात लिहिलं, ‘नॉमिनेशन आहे, गरज नाही.’ तो कागद अजून फाइलमध्ये आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मृत्युपत्रावरून उभं राहिलेलं हे प्रकरण. मी निकाल वाचला आणि बाजूला ठेवला. जुन्या फाइली काढून कोणाकोणाला परत बोलवायला हवं, हे पाहिलं नाही. खरी चूक ती. २०१० चा सल्ला निदान तेव्हाच्या निकालाला धरून होता. नंतर गप्प बसण्याला कसलाही आधार नव्हता. पुढे मास्तर वारले. शेअर ‘उर्वरित मिळकती’त धरले गेले आणि तिघांत वाटले गेले. मुलगी ऑफिसात येऊन एवढंच म्हणाली, “अण्णांनी तुम्हाला सांगितलं होतं ना?” सांगितलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही खंडपीठाचंच म्हणणं कायम केलं.

दुसरी चूक एका वाक्याची. ‘आपल्याकडे वारसाकर नाही’ असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. ते खरंही आहे. १६ मार्च १९८५ पासूनच्या मृत्यूंना इस्टेट ड्यूटी लागत नाही. हिंजवडीतल्या एका इंजिनिअरलाही मी हेच सांगितलं. त्याला अमेरिकन कंपनीकडून पगाराबरोबर शेअर मिळत आणि ते तिथल्या ब्रोकरकडे साठत. आता, अमेरिकन कंपनीचा शेअर ही अमेरिकेतली मालमत्ता धरली जाते, मालक पुण्यात राहत असला तरी. तिथल्या नागरिकाला २०२६ साठी दीड कोटी डॉलरपर्यंत इस्टेट टॅक्स माफ आहे. आपल्यासारख्यांना माफी फक्त ६०,००० डॉलरची, आणि त्यापुढे दर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. भारत-अमेरिका करकरार प्राप्तिकरापुरता आहे, इथे तो कामाला येत नाही. इंजिनिअर अकाली गेला. ब्रोकरने त्याच्या पत्नीकडे अमेरिकी कर खात्याचं ट्रान्स्फर सर्टिफिकेट मागितलं, तेव्हा मी पहिल्यांदा तो कायदा नीट उघडून वाचला. विवरणपत्राची नऊ महिन्यांची मुदत तोवर उलटली होती. करावर व्याज आणि दंडही भरावा लागला, तोही घरातला कमावता माणूस गेलेला असताना.

आता कायदा बदलला की मी आधी फाइलींची यादी काढतो आणि फोन करायला बसतो. तुमचं मृत्युपत्र २०१६ च्या आधीचं असेल, तर शेअर आणि म्युच्युअल फंडांचा उल्लेख त्यात आहे का, हे या आठवड्यातच पाहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, पण त्याने वारस ठरत नाहीत. परदेशी शेअर असतील, तर वकिलाने विचारलं नाही तरी त्याला सांगा. त्यानं तुम्हाला जुनंच वाक्य ऐकवलं, तर दुसऱ्या वकिलाकडे जा.