तिसरा प्रकार कुठे आहे?

क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहण्याची सोय १९१२ नंतरची. झुरिकच्या आल्फ्रेड व्हेर्नरने १८९३ मध्येच सांगून टाकलं होतं, की कोबाल्टचे सहा शेजारी अष्टफलकाच्या सहा टोकांवर बसतात. पुरावा काय? निव्वळ मोजणी. चार अमोनिया आणि दोन क्लोराइड सपाट षटकोनात मांडले तर तीन वेगळे प्रकार निघतात, त्रिकोणी लोलकात मांडले तरी तीन. अष्टफलकात मात्र दोनच: क्लोराइड समोरासमोर किंवा शेजारी-शेजारी. हिरवा प्रकार माहीत होताच. जांभळा १९०७ मध्ये व्हेर्नरच्या हाती लागला आणि कोपनहेगनच्या योर्गेन्सनने, त्याच्या कडव्या प्रतिस्पर्ध्याने, वाद सोडून दिला. तिसरा कधीच मिळाला नाही. आता, मिळाला नाही म्हणजे नसतोच असं कुणी म्हणावं? व्हेर्नरलाही ही खोच ठाऊक असणार. १९११ मध्ये त्याने कोबाल्टच्या संयुगाची डावी-उजवी रूपं वेगळी करून दाखवली, तेव्हा कुठे शंकेला फारशी जागा उरली नाही.

ग्रुप थिअरी ही याच मोजणीला लागलेली शिस्त आहे, असं मी मानतो. आपल्याकडे एम.एस्सी.ची मुलं पॉइंट ग्रुपच्या खुणा पाठ करतात आणि मोजायचं कशासाठी, ते राहून जातं.

मॉलिब्डेनमवर चार कार्बोनिल आणि दोन फॉस्फिन असलेलं संयुग घ्या. फॉस्फिन समोरासमोर असतील तर चारही कार्बोनिल एका चौरसाच्या कोपऱ्यांवर येतात. आता एकेक सममिती-क्रिया करायची आणि एवढंच विचारायचं: जागेवरून किती हलले नाहीत? काहीच केलं नाही तर चार. नव्वद अंशांनी फिरवलं तर शून्य. मध्यबिंदूतून पलीकडे नेलं तरी शून्य. चौरसाच्याच प्रतलातल्या आरशात चार, कर्णावर उभ्या केलेल्या आरशात दोन. ही आकड्यांची ओळ कॅरेक्टर टेबलशी ताडून पाहिली की चार ताणकंपनांचे तीन गट पडतात. त्यांतल्या दोन गटांत रेणूचा द्विध्रुव बदलत नाही. इन्फ्रारेड (आयआर) यंत्राला ती कंपनं दिसतच नाहीत. उरलेल्या गटात सारख्याच ऊर्जेची दोन कंपनं, म्हणून आलेखात पट्टी एक. फॉस्फिन शेजारी-शेजारी आले की मध्यबिंदू मोडतो आणि चारही पट्ट्या दिसायला मोकळ्या होतात. स्फटिक वाढायची वाट पाहावी लागत नाही.

प्रत्यक्ष आलेख इतका सोज्वळ नसतो, हेही सांगायला हवं. चारांतल्या दोन पट्ट्या एकमेकींत मिसळून बऱ्याचदा तीनच दिसतात. समोरासमोरच्या रूपातही एखादी पुसट जादा पट्टी डोकं वर काढते, कारण फॉस्फिनवरचे फिनाइल गट चौरसाची शिस्त पाळत नाहीत. शिवाय पट्टी नेमकी कुठे येणार, हे ग्रुप थिअरी सांगत नाही. ते यंत्रालाच विचारावं लागतं.

आणि मोजणीचं उत्तर शून्य, म्हणजे ‘या शोषणाला बंदी’ असं, आलं तर? कोबाल्ट क्लोराइडचं फिकट गुलाबी द्रावण घेऊन त्यात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ओता. कोबाल्ट तेवढाच, पण निळा रंग असा गडद चढतो, की प्रकाशाचं शोषण शंभरपटीच्या घरात जातं. गुलाबी द्रावणात सहा पाण्यांचं अष्टफलक असतं, त्याला सममितीचा मध्यबिंदू असतो आणि त्यामुळे डी-कक्षकांमधल्या इलेक्ट्रॉनच्या उड्यांना बंदी असते. निळ्यात चार क्लोराइडचं चतुष्फलक, तिथे मध्यबिंदूच नाही. मग गुलाबी तरी का दिसावं? रेणू कंप पावताना मध्यबिंदू क्षणभर बिघडतो, तेवढ्या फटीतून थोडा प्रकाश शोषला जातो.

मँगनीज(II)च्या क्षारांवर याखेरीज स्पिनचीही बंदी आहे. स्फटिक गुलाबी दिसतात खरे, पण विरळ द्रावणाच्या बाटलीवर चिठ्ठी नसेल तर ते पाणी म्हणून खपून जातं.