हातभर सरकलेली हद्द

पावसाळा ओसरला की कन्हानचं पात्र हळूहळू उघडं पडत जातं. छिंदवाड्याच्या डोंगरांतून निघालेली, वाटेत पेंच आणि कोलार यांना पोटात घेऊन आलेली ही नदी आमच्या गावापर्यंत येता येता चांगली पोक्त झालेली असते. नागपूरची तहान भागवते आणि मग गाजावाजा न करता वैनगंगेकडे निघून जाते. मागे राहते रेती. तिच्या घाटांचे लिलाव होतात, हद्दीच्या खुणा रोवल्या जातात, आणि एखाद्या पहाटे खूण हातभर पुढे सरकलेली दिसते. एवढ्याशासाठी तहसीलदाराकडे कोण जाणार! पुढल्या महिन्यात पुन्हा हातभर. काठ ढासळतो तेव्हा हे नेमकं कधी सुरू झालं, ते कुणालाच सांगता येत नाही.

आमच्या ओळखीतली एक मुलगी इथून रोज नागपूरला नोकरीला जाते. वडील गेल्यापासून घर तिच्याच पगारावर चालतं. तिचे साहेब आधी कॉम्प्युटरवरची चूक दाखवायला मागे उभे राहत. मग खुर्चीच्या पाठीवर हात आला, मग तोच खांद्यावर, कामाला लागतो त्याहून अंमळ जास्त वेळ. रात्री साडेदहाला मोबाईलवर, "जेवण झालं का?" शनिवारी सगळे उठले की, "बसा न थोडं, मी कामठीपर्यंत सोडून देतो." आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बापाच्या वयाचे आहेत, माया करत असतील." यातली एकेक गोष्ट सुटी काढून पाहिली तर निरुपद्रवीच, म्हणून मुलीनं संशय घेतला तो स्वतःवर. साहेबांच्या केबिनचं दार स्प्रिंगचं, आपोआप मिटणारं. आत बोलावलं की ती आपली पाण्याची बाटली उंबऱ्याशी आडवी ठेवते आणि दार वीतभर उघडं राहू देते.

कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या या दुखण्याची सर्वोच्च न्यायालयानं दखल घेतली ती एका साथिनीमुळे, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी कार्यकर्तीमुळे. राजस्थानच्या भंवरीदेवीनं सरकारी काम म्हणून बालविवाह रोखू पाहिला आणि 1992 मध्ये सामूहिक बलात्काराच्या रूपानं त्याची भयंकर किंमत मोजली. त्यातून 1997 चा विशाखा निकाल आला आणि पुढे 2013 चा कायदा. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. घटनेपासून, आणि घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार, आणि सबळ कारण असेल तर आणखी तीन. कायदा भला आहे, पण तो तारीख विचारतो. हातभर हातभर सरकलेल्या गोष्टीत घटना म्हणायची ती नेमकी कोणती, आणि तिची तारीख कोणती? अलीकडे ती मुलगी वहीत दिवस, वेळ आणि उच्चारलेले शब्द टिपून ठेवते, मोबाईलवरचे निरोप पुसत नाही. लिहिताना, म्हणते, संशय थोडा थोडा स्वतःवरून उतरतो.

आपल्या विदर्भात मेळघाटातल्या हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी 25 मार्च 2021 ला आयुष्य संपवलं. जंगलात धाडसासाठी नावाजलेली बाई. मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाची कैफियत होती. तिचं दुखणं वेगळं, या मुलीचं वेगळं. पण गोपनीय अहवाल, रजा, बदली, पगारवाढ ज्याच्या सहीत अडकलेली असते, त्याच्यासमोर धाडसी माणसाचाही आवाज किती एकटा पडतो, हे त्या बातमीमुळे मनात कायमचं रुतून बसलं.

आपण मात्र अशा बाईला पहिला प्रश्न हाच करतो, "आधी का नाही बोललीस गं?" मध्यंतरी त्या नोकरी करणाऱ्या मुलीच्या कार्यालयातल्या एक वयस्क ताई, कुणी बोलावलेलं नसताना, सहीचं रजिस्टर घेऊन तिच्यामागोमाग केबिनमध्ये जाऊ लागल्या. समिती नाही, अर्ज नाही. नुसतं जाऊन उभं राहणं. साहेबांचं बोलणं तेवढ्यानं कामापुरतं झालं. तेव्हापासून वाटतं, तो प्रश्न तिला विचारण्याआधी बाकीच्यांना विचारायला हवा. ती बाटली रोज दारात आडवी दिसत होती, आणि तिच्यावरून पाय उचलून जाणारे बरेच होते.