मॅडम, तो आधीपासूनच बंद असेल

"मॅडम, तो आधीपासूनच बंद असेल. तुमच्या लक्षात आलं नसेल." दुकानदाराचं हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं तापतं. डोंबिवली ते सीएसएमटी जाता-येता, बसायला जागा मिळाली की लॅपटॉप मांडीवर घेऊन मुद्रितं तपासणारी बाई मी. लोकलमध्ये माउस ठेवायचा कुठे? सगळी मदार टचपॅडवर. आणि तो बंद आहे हे मलाच कळलं नसेल?

झालं होतं एवढंच की बॅटरी फुगली होती. लिथियमची बॅटरी जुनी झाली की आत वायू साठून फुगते, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती टचपॅडच्या खालीच बसवलेली असते. माझा टचपॅड कडेने वर उचलला गेला होता, क्लिक जड लागायचं, पण बाण व्यवस्थित फिरत होता. अशी बॅटरी वापरत राहणं धोक्याचं, म्हणून स्टेशनजवळच्या दुकानात लॅपटॉप दिला. संध्याकाळी नवी बॅटरी घालून मिळाला. पैसे दिले, घरी आले, बोट फिरवलं, तर बाण जागचा हलेना.

परत गेले तेव्हा हे वाक्य ऐकलं. वर, "बोर्डवरची लाइन गेली असेल, बोर्ड बदलावा लागेल." लॅपटॉप उघडूनही न बघता निदान! मी म्हटलं, काल सकाळपर्यंत चालत होता. तो मागच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला. बायकांना यंत्रातलं काय कळणार, असं ते हसणं होतं. माझ्याबरोबर माझा भाऊ असता तर हेच उत्तर मिळालं असतं का, हा प्रश्न मी स्वतःला खूपदा विचारलाय.

घरी माउस जोडून शोधायला बसले. एफएन धरून टचपॅडची की दाबली, काही नाही. सेटिंग्जमध्ये टचपॅडचं पानच गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'आयटूसी एचआयडी डिव्हाइस'वर पिवळा त्रिकोण आणि कोड 10, म्हणजे विंडोजला तो सुरूच करता येत नाहीये. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला. तोच त्रिकोण. मग बायोस उघडला. माझ्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये बोटाने बाण फिरतो, हे मला आधीपासून ठाऊक होतं. तिथे विंडोज नसतं, विंडोजचा ड्रायव्हर नसतो. तिथेही बाण मेलेलाच. म्हणजे खोट आत, जोडणीत. ज्यांचा टचपॅड दुरुस्तीनंतर बंद पडलाय त्यांनी बायोसमध्ये बोट फिरवता येत असेल तर ही तपासणी सगळ्यात आधी करावी. ड्रायव्हरच्या मागे लागून माझी अख्खी संध्याकाळ गेली.

लॅमिंग्टन रोडवर एका कारागिराकडे गेले. त्याने माझ्यासमोर स्क्रू काढले, झाकण उचललं, आधी बॅटरीची पिन सोडवली आणि मला म्हणाला, "ताई, हे बघा." टचपॅडपासून बोर्डाकडे एक चपटी पांढरी रिबन जाते, माझ्या लॅपटॉपमध्ये ती बॅटरीवरूनच जाते, त्यामुळे बॅटरी बदलताना काढावीच लागते. तिच्या टोकाला निळी पट्टी आणि बारीक सोनेरी रेघा. ती रिबन कनेक्टरमध्ये तिरकी घुसवली होती, एक कोपरा बाहेर. आणि तिला धरून ठेवणारं काळं लॉक, नखाएवढंसुद्धा नसेल, उघडंच होतं. त्याने रिबन बाहेर ओढली, सरळ आत सरकवली, लॉक नखाने खाली दाबलं. लॅपटॉप सुरू केला आणि बाण धावला.

मी मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते.

बॅटरी बदलणाऱ्या मुलावर माझा राग नाही. आतल्या कोंदट खोलीत मान मोडून काम करतात ती पोरं, घाईत लॉक राहून जाऊ शकतं. राग आहे तो न बघता मला खोटं ठरवण्याचा. पण मग असंही वाटतं की त्या मुलाने एकदा बोट फिरवून बघायला काय हरकत होती? तेवढंही जमत नसेल तर लोकांच्या वस्तू उघडू नयेत. माझा त्याच्यावरही राग आहे, आहेच.

आता मी सगळ्यांना सांगते: लॅपटॉप देताना काउंटरवरच टचपॅड, कीबोर्ड, कॅमेरा चालू असल्याचा व्हिडिओ काढा, जॉबशीटवर लिहून घ्या, आणि परत घेताना तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेबद्दल दाद मागता येते, 1915 हा हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मी मात्र तक्रार केली नाही. फोटो घेऊन त्या दुकानात गेले. दुकानदाराने ते पाहिले आणि म्हणाला, "झालं ना चालू? मग आता काय?"

मला पैसे नको होते. बॅटरीचं काम चांगलं झालं होतं, दामही वाजवी होता. रिबन नीट बसली नव्हती, एवढी एक ओळ पावतीवर लिहून हवी होती. ती त्याने दिली नाही.