मार्कंड्याचा शंख

भद्रावतीस केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी एक दिवस जास्तीचा काढून मार्कंडा अवश्य पाहावे. गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी हा प्राचीन मंदिरसमूह उभा आहे. दक्षिणेकडे वाहणारी नदी येथे वळसा घेऊन उत्तरवाहिनी होते. म्हणून या क्षेत्राला विदर्भाची काशी म्हणतात. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि शंखध्वनी पात्रावरून दूरवर जातो.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर अंतरावर, अरण्याच्या मुलखात वाजणारा हा शंख म्हणजे मुळात एका सागरी गोगलगायीचे घर होय. पूजेच्या शंखाचा प्राणी मन्नारच्या आखातासारख्या उथळ, वाळूच्या समुद्रतळाशी राहतो आणि वाळूतील कृमींवर जगतो. आपणांस शुभ्र दिसणारे कवच त्याच्या हयातीत तपकिरी सालीने झाकलेले असते. हे कवच तो कधी टाकून देत नाही. अंगातून चुना स्रवून जन्मभर तेच वाढवीत राहतो. मादी मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली, अनेक कप्प्यांची अंडमाळ वाळूत रोवते. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पिलांच्या पाठीवर इवलासा शंख तयार असतो!

त्या चुन्याचे मूळ शोधू गेल्यास पुन्हा नदीशीच यावे लागते. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत मिसळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला जाते. खडकांतून विरघळलेला चुना नद्याच समुद्राला पोहोचवितात आणि त्यातूनच शंख-शिंपल्यांची घरे उभी राहतात.

व्यापारी कुटुंबांना उपयोगी अशी एक गोष्ट येथेच सांगतो. निमुळते टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरल्यास नेहमीच्या शंखाचे तोंड उजवीकडे येते. ते डावीकडे येणारा शंख अत्यंत दुर्मिळ. धार्मिक रीतीने तो उलट धरतात, म्हणून त्याला दक्षिणावर्ती म्हणतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावर मात्र एक निराळीच जात आहे, जिचे बहुतेक शंख डावेच असतात. तेच आपल्या बाजारात दक्षिणावर्ती म्हणून भारी किमतीला विकले जातात. माल पारखण्यात मुरलेली माणसेही श्रद्धेच्या भरात येथे फसतात.

परंतु किमतीहून मोठा प्रश्न जीवाचा आहे. आपल्या शास्त्रांनी शंखाला द्वींद्रिय जीवांत गणले आहे. पाणबुडे बहुधा जिवंत प्राण्यासहच शंख वर आणतात. पुढे कवच विकले जाते आणि प्राण्याचे नावही निघत नाही. ज्यांचे लांछन शंख आहे, ते भगवान नेमिनाथ वऱ्हाडासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून विवाहमंडपाच्या वाटेवरून परतले आणि गिरनारला गेले. या मुक्या जीवाला तर आक्रोशही करता येत नाही.

म्हणून घरात वडिलोपार्जित शंख असेल तर तोच जपावा. केवळ शोभेसाठी वा लाभाच्या आशेने नवा घेऊ नये. शंख कानाला लावला की समुद्राची गाज ऐकू येते, असे आपण मुलांना सांगतो. वस्तुतः ती आपल्या भोवतालच्याच आवाजाची घुमी असते. मुलांना ते सांगावे, आणि या घरात पूर्वी कोण राहत होते, हेही सांगावे.