पाच डझन आंबे आणि एकोणीस आकडे

नववीच्या मुलांना पायथन शिकवताना मी आंब्याचं उदाहरण घेतो. रत्नागिरीत दुसरं कशाचं घेणार? पेटीत किती डझन आंबे आहेत ते संगणकाने विचारायचं, त्याला १२ ने गुणायचं आणि एकूण फळं सांगायची. एवढाच प्रोग्राम. गेल्या हंगामात एका मुलाने तो लिहिला, ५ टाइप केलं, एंटर दाबलं. उत्तर यायला हवं होतं ६०. आलं ५५५५५५५५५५५५.

"सर, हा तर आधार नंबर आला!"

अख्खा वर्ग हसला. मोजून बघितलं तर बरोबर बारा आकडे होते!

मित्रांनो, झालं होतं असं. पायथनमध्ये 'इनपुट'ने घेतलेली कुठलीही गोष्ट मजकूर म्हणून येते. त्याला स्ट्रिंग म्हणतात, म्हणजे चिन्हांची माळ. संगणकाकडे पाच ही संख्या पोचलीच नव्हती, पोचलं होतं '५' हे चिन्ह. चिन्हाला १२ ने गुण म्हटलं की पायथन ते बारा वेळा ओळीने लिहून मोकळा होतो. 'इंट' वापरून त्याची पूर्णांक संख्या केली की मग ६०. (देवनागरी ५ दिला तरी 'इंट'ला कळतो, करून बघा.)

प्रत्येक भाषेचा स्वभाव वेगळा. मजकूर "५" आणि संख्या ३ यांची बेरीज सांगितली, तर पायथन चूक दाखवून थांबतो. जावास्क्रिप्ट गुपचूप "५३" देते. तिथेच वजाबाकी करा, उत्तर येतं २! मला थांबणारी भाषा बरी वाटते, कारण गुपचूप चालवून घेण्याचा फटका मी खाल्लेला आहे.

आपल्या राज्यात सरल प्रणाली २०१५ साली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याला १९ अंकी आयडी मिळाला. पहिले चार आकडे वर्षाचे, पुढचे अकरा शाळेच्या युडायस क्रमांकाचे, शेवटचे चार त्या मुलाचे. मी हौसेने सगळ्या वर्गाचे आयडी एक्सेलमध्ये उतरवून घेतले. रकान्यात मध्येच इंग्रजी ई आलेला एक विचित्र आकडा दिसायला लागला. मी रकान्याचा प्रकार बदलून तो 'नीट' करून घेतला आणि फाइल बंद केली.

एक्सेल संख्येचे पहिले १५ आकडेच लक्षात ठेवतं, पुढे शून्यं भरतं. चार आणि अकरा, पंधरा! म्हणजे वर्ष राहिलं, शाळा राहिली, मूल तेवढं गेलं. एकाच वर्षी दाखल झालेल्या सगळ्या मुलांचा आयडी एकच, शेवटी चार शून्यं.

हे मला कळलं कधी, तर वर्गातली एक मुलगी चिपळूणला राहायला गेली तेव्हा. मी त्या फाइलमधून आयडी कागदावर लिहून दिला. नव्या शाळेत तो टाकल्यावर तिचं नाव सापडेना. तिची आई एसटीने परत आली. मी पुन्हा तीच फाइल उघडली, पुन्हा तोच आकडा दिला. तिसऱ्या खेपेला मी सरलवर जाऊन बघितलं, तेव्हा डोळे उघडले. त्या बाईचे मजुरीचे दोन दिवस बुडाले, तेही माझ्यामुळे. "असूं दे सर," एवढंच म्हणाली ती.

आता मी कोरा रकाना आधी 'टेक्स्ट' करतो, मगच टाइप करतो. नंतर बदलून गेलेले आकडे परत येत नाहीत.

त्या दिवशी वर्गात हीच गोष्ट सांगितली आणि विचारलं, दोन मोबाइल नंबरांची बेरीज केली तर फोन कुणाला लागेल? पोरं खो खो हसली. पिनकोड ४१५६१२? मजकूर. रत्नागिरीचा एसटीडी कोड ०२३५२? मजकूर, नाहीतर पुढचं शून्य गळेल. आंब्याचा भाव? संख्या.

"आणि हजेरी नंबर, सर?" आधार नंबरवाल्यानेच विचारलं.

इथे मी जरा अडखळलो. त्याची बेरीज कोणी करत नाही. पण मजकूर म्हणून ठेवला तर यादी लावताना १ नंतर १०, ११ येतात आणि २ पार मागे जातो. शेवटी फळ्यावर हजेरी नंबरपुढे मी 'संख्या' लिहिलं. तो मुलगा काही पटल्यासारखा दिसला नाही.